बाबांनी बांधलेली रायफल आणि पेन्सिलच्या रेघा: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण पुण्यातल्या एका लहान एअर रायफल क्लबमधलं. मी तिथे शिकवते. मुलीचं आणि तिच्या वडिलांचं नाव मुद्दाम देत नाही, ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदललेत. दोघांनी मजकूर वाचून होकार दिला आहे. वडिलांनी तर दोन आकडे दुरुस्त करून परत पाठवले. त्यांचा स्वभाव कळायला तेवढं पुरे.

पार्श्वभूमी

मुलगी 2022च्या जूनमध्ये आमच्याकडे आली तेव्हा 12 वर्षांची होती. घर निगडीच्या बाजूला. वडिलांचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे: दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी धातू कोरायची मशीन), एक म्हातारी लेथ, एक सरफेस ग्राइंडर आणि चार माणसं. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्यांना जिग आणि फिक्श्चर, म्हणजे काम चालू असताना भाग जागच्या जागी घट्ट धरणारे साचे, करून देणं हा धंदा. हे आधीच सांगते, कारण पुढे जे बरोबर झालं आणि जे चुकलं, ते दोन्ही त्या शेडमधल्या सवयींतून आलं.

हा खेळ जवळून न पाहिलेल्यांसाठी थोडं. 10 मीटर एअर रायफलचं टार्गेट जेमतेम 45.5 मिलिमीटर व्यासाचं असतं आणि मधला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर. छर्रा 4.5 मिलिमीटरचा. उभं राहून 60 शॉट मारायचे, वेळ सव्वा तास. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर गुण दशांशात मोजतात, एका शॉटला जास्तीत जास्त 10.9, म्हणजे एकूण 654. एक रिंग म्हणजे अडीच मिलिमीटर, म्हणून एक दशांश गुण म्हणजे पाव मिलिमीटर. मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वडिलांचे डोळे चमकले. आयुष्यभर मायक्रोनमध्ये वावरलेल्या माणसाला आपल्या घरातलंच काहीतरी भेटल्यासारखं झालं.

पहिली दोन वर्षं ती क्लबच्या रायफलवर खेळली. क्लबची रायफल म्हणजे शाळेचा बाक. सगळ्यांना चालतो, कोणालाच नीट बसत नाही.

मग 1 ऑगस्ट 2024 उजाडला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या, पुण्यात मध्य रेल्वेत नोकरी करणाऱ्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं. पुढचे दोन महिने आमच्या क्लबचा फोन थांबेना. नवे पालक प्रवेशाचं विचारत, जुने पालक एकच प्रश्न: मॅडम, स्वतःची रायफल कधी घ्यायची? या वडिलांनी जरा वेगळं विचारलं. "मॅडम, स्वतःची रायफल बनवायची असेल तर?"

अडचण

तेव्हा ती 14ची होती आणि तिचा स्कोअर सात महिने 604 ते 608 मध्ये अडकला होता. नुसत्या बेरजेकडे पाहून काही कळत नव्हतं. दहा-दहा शॉटच्या सहा सिरीज मांडल्या की चित्र दिसायचं. एका साध्या रविवारच्या मॅचचे आकडे माझ्या वहीत आहेत: 103.1, 102.6, 101.4, 100.3, 99.5, 99.0. जवळजवळ दर मॅचमध्ये हाच उतार.

कारणं प्रत्येकाची वेगळी. आईच्या मते क्लास आणि जागरण. वडिलांच्या मते रायफल. माझ्या मते दमसास, म्हणून मी तिला पळायला आणि प्लँकला लावलं. दोन महिन्यांनी तिचा प्लँक तीन मिनिटांवर गेला आणि सहावी सिरीज होती तिथेच राहिली.

मॅच संपली की ती मान डावीकडे वळवून बोटांनी दाबत असे, हे मी रोज पाहत होते. पाहत होते, एवढंच. शेवटी एकदा मोबाइलवर बाजूने व्हिडिओ घेतला आणि पहिल्या शॉटच्या शेजारी पन्नासावा शॉट लावून पाहिला. पन्नासाव्या शॉटला तिचं डोकं दोन बोटं पुढे आणि खाली गेलं होतं. तिची मान लांब, खांदे अरुंद आणि दंड आखूड. उभ्या पोझिशनमध्ये डावं कोपर कंबरेच्या हाडावर टेकतं, तळव्यावर रायफल. दंड आखूड म्हणजे रायफल खाली राहते, मान लांब म्हणजे डोळा वर राहतो. मधलं अंतर ती मान वाकवून भरत होती, दर मॅचला साठ वेळा. डोक्याचं वजन मानेच्या स्नायूंवर आलं की डायॉप्टरमधून (मागच्या साइटच्या बारीक भोकातून) दिसणारी पुढच्या साइटची रिंग पहिल्या अर्ध्या तासात स्वच्छ असते, नंतर डोळा सरकतो आणि नेमबाजाला ते कळतही नाही.

म्हणजे रायफल तिच्या अंगाला बसत नव्हती, हे वडिलांचं म्हणणं खरं निघालं. फक्त कुठे आणि किती बसत नव्हती, ते आम्ही मोजलं नाही. पुढची सगळी कहाणी त्या न मोजण्याची आहे.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय नव्या परदेशी रायफलचा. ॲल्युमिनियम स्टॉक (रायफल धरायचा, खांद्याला लावायचा सांगाडा), सगळं ॲडजस्टेबल. आमच्याकडे आलेलं कोटेशन तीन लाखांच्या पुढचं होतं आणि माल हातात यायला काही महिने. वडिलांनी नुकतंच एका मशीनचं कर्ज घेतलं होतं, तेव्हा हा पर्याय चहा संपायच्या आत संपला.

दुसरा पर्याय, क्लबच्याच रायफलला तिच्यापुरते बदल करायचे. पण त्या रायफलवर रोज पाच जण खेळतात. एकासाठी बट प्लेट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) हलवली की बाकी चौघांची तक्रार.

तिसरा पर्याय वडिलांच्या मनातला, तो मी लगेच खोडला. त्यांना बॅरल (नळी) आणि ॲक्शनही (छर्रा भरायची आणि डागायची यंत्रणा) घडवून पाहायची होती, "लेथ आहेच की आपल्याकडे". त्यांना बाकावर बसवून समजावलं. 10 मीटरच्या मॅच रायफलमधून साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 170 मीटरच्या आसपास वेगाने निघतो. ऊर्जा साडेसात ज्यूलच्या घरात. शस्त्र नियम 2016 प्रमाणे 20 ज्यूल आणि 4.5 मिलिमीटरच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, हे खरं. म्हणून कोणीही शेडमध्ये बॅरल ओढायला बसावं असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय सिलिंडरमध्ये 200 बार हवा असते. व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, सिलिंडर यांना हात लावायचा नाही, ही माझी अट होती आणि त्यांनी ती शेवटपर्यंत पाळली.

उरला चौथा: चांगल्या ॲक्शनची जुनी रायफल घ्यायची आणि तिचा लाकडी स्टॉक काढून मुलीच्या अंगाला बसेल असा नवा बांधायचा. खेळ सोडून नोकरीला लागलेल्या एका मुलाची जर्मन बनावटीची रायफल 1,10,000 रुपयांना मिळाली. बिल आणि हस्तांतराचं पत्र नीट करून घेतलं. सिलिंडरवरची तारीख मात्र आम्ही दोघांनीही वाचली नाही. हे सिलिंडर बनवणाऱ्याने ठरवलेल्या मुदतीपर्यंतच, बहुधा दहा वर्षं, वापरायचे असतात आणि मुदत सांभाळणं ही नेमबाजाची जबाबदारी. आमच्या सिलिंडरचे सात महिने उरले होते. हा खर्च हिशेबात नव्हता.

पहिली बांधणी

ऑक्टोबर ते डिसेंबर 2024, रात्री नऊनंतर आणि रविवारी. मधला कणा ॲल्युमिनियमचा, एकाच ठोकळ्यातून व्हीएमसीवर काढलेला. पिस्तूल ग्रिप (मूठ) आणि चीक पीस (गाल टेकायचा भाग) लाकडाचे. लाकडासाठी वडील भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये तीन चकरा मारून आले आणि एका फर्निचरवाल्याकडून जुन्या सागवानी दाराच्या चौकटीचा तुकडा घेऊन परतले. नवं लाकूड पावसाळ्यात फुगतं, हे चाळीस पावसाळे पाहिलेलं, आता हलणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद मला अजूनही आवडतो. स्क्रू, हेलिकॉइल, बारीक सटरफटर बोहरी आळीतून. बट प्लेट तेवढी विकत घेतली.

मापं घरी घेतली. मुलीला हॉलमध्ये उभं करून हातात पीव्हीसी पाइपची नकली रायफल दिली आणि व्हर्नियर, टेप, गुण्या लावून अकरा मापं कागदावर उतरवली. मी तो कागद पाहिला. इतका देखणा ड्रॉइंग शीट होता, टॉलरन्ससकट, की त्यात काही चुकलेलं असेल अशी शंकाच आली नाही. पण मापं टी-शर्टवर घेतलेली होती. नेमबाज कॅनव्हास आणि चामड्याच्या ताठ जॅकेटमध्ये खेळतो; त्याच्या आत स्वेटशर्ट. खांद्यावर आणि कंबरेवर जाडी वाढते, पाठ मागे झुकते, कंबर टार्गेटकडे सरकते. हॉलमधली मुलगी आणि लाइनवरची मुलगी, ही मापाच्या दृष्टीने दोन वेगळी माणसं. हे मला माहीत होतं, त्यांना असण्याचं कारण नव्हतं. ती चूक माझ्या खात्यावर.

दुसरी गोष्ट त्यांच्या धंद्यातली. फिक्श्चर करणाऱ्या माणसाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे प्ले. पार्ट बसला की हलता कामा नये. त्यांनी चीक पीस डॉवेल पिन मारून पक्का केला. पुढचा हाताखालचा ठोकळाही पिन मारून पक्का. "ॲडजस्टमेंट म्हणजे ढिलेपणाला आमंत्रण, मॅडम." वाक्य ऐकायला पटतं. पण ज्या वस्तूसाठी फिक्श्चर बांधलं होतं ती 14 वर्षांची होती आणि पुढच्या जूनपर्यंत अडीच सेंटिमीटर वाढली.

तिसरी गोष्ट वजनाची. नियमात एअर रायफलची कमाल मर्यादा साडेपाच किलो. तयार रायफल काट्यावर ठेवली तर 5 किलो 320 ग्रॅम. जड असली की डुलत नाही, हे अर्धं खरं आहे. मुलगी तेव्हा 43 किलोची होती.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी रायफल क्लबमध्ये आली. काळा ॲनोडाइझ केलेला कणा, तेल लावलेलं सागवान. मुलांनी गराडा घातला. मी मुलीला विचारलं, "कसं वाटतंय?"

"छान आहे, मॅडम."

वडील मागे उभे होते. त्यांच्या डोळ्यांखाली तीन महिन्यांचं जागरण दिसत होतं. तिने दुसरं काय म्हणायला हवं होतं?

फसलेली स्पर्धा

फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत स्कोअर 600च्या खाली आला होता. नवीन रायफलला वेळ लागतोच, असं मी सगळ्यांना आणि स्वतःलाही सांगत होते. महिन्याच्या शेवटी एक निमंत्रितांची स्पर्धा होती.

स्पर्धेआधी साहित्याची तपासणी होते. जॅकेटची जाडी आणि ताठरपणा, रायफलचं वजन, लांबी, स्टॉकची मापं. रायफलची यंत्रणा मागच्या टोकापासून नळीच्या तोंडापर्यंत 850 मिलिमीटरच्या आत लागते, ती होती. वजन पास. मग तपासनीसाने पुढच्या भागावर गेज लावला आणि थांबला. बॅरलच्या मध्यरेषेपासून हाताखालच्या ठोकळ्याच्या तळापर्यंत जास्तीत जास्त 120 मिलिमीटर चालतात. आमचे 126 भरले.

त्या सहा मिलिमीटरमागे तर्क होता. दंड आखूड, म्हणून रायफल उचलायची, म्हणून ठोकळा उंच. वडिलांनी गणित बरोबर केलं होतं, नियमपुस्तक उघडलं नव्हतं. मीही उघडून दाखवलं नव्हतं. ठोकळा पिन मारून बसवलेला, त्यामुळे वर सरकवायची सोय नाही. शेवटी कोणाच्या तरी गाडीतून हॅकसॉ ब्लेड आलं आणि पार्किंगमध्ये, बॅरलला कापड गुंडाळून, वडिलांनी स्वतःच्या हातांनी ठोकळ्याचा तळ कापला. कानशीने कड मारली. मुलगी जॅकेटचं एकच बटण लावून शेजारी उभी होती आणि कापलेला ॲल्युमिनियमचा चुरा बुटाने एका जागी गोळा करत होती.

ती तशीच खेळली. 588.4. परतताना औंधपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही, हे मला नंतर तिच्या आईने सांगितलं.

पेन्सिलच्या रेघा

दुसऱ्या दिवशी मी रायफल नीट पाहायला मागितली. कापलेला ठोकळा उलटा केला तेव्हा वरच्या, न कापलेल्या बाजूला पेन्सिलच्या बारीक रेघा दिसल्या. सात की आठ. प्रत्येकीजवळ मुंगीएवढ्या अक्षरात तारीख. चीक पीसच्या आतल्या बाजूलाही तशाच, आणि बट प्लेटच्या पट्टीवर दोन.

मुलीला एकटीला बोलावलं. वडील त्या दिवशी नव्हते, मुद्दामच त्यांना येऊ नका म्हटलं होतं.

"या कशाच्या?"

बराच वेळ ती जॅकेटच्या बटणाशी खेळत राहिली. मग म्हणाली, "रोज हात कुठे जायला बघतो ते."

"आणि चीक पीस?"

"तो गालाच्या हाडावर लागतो. मी थोडा खाली करून बघायचे, पण तो होतच नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बाबांसमोर विचारलंत."

या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय इथे झाला, आणि तो तांत्रिक नव्हता. तोवर आम्ही दोघं मोठी माणसं ठरवत होतो आणि मुलगी रायफल धरत होती. तिसऱ्या दिवसापासून तिला काय चुकलंय ते माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, तिने त्याची नोंद ठेवली होती, मिलिमीटरमध्ये, बापाच्याच पद्धतीने.

वडिलांना सांगायचं कसं, यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी काही न बोलता रायफल त्यांच्या हातात दिली आणि रेघा दाखवल्या. त्यांनी खिशातून व्हर्नियर काढला (तो कायम खिशात असतो), रेघांमधली अंतरं मोजली आणि म्हणाले, "ही डेटा शीट आहे, मॅडम." एवढंच. पुढच्या रविवारी सगळ्या डॉवेल पिन निघाल्या.

दुसरी बांधणी

या वेळी क्रम उलटा ठेवला. आधी तपासणी, मग माप, मग धातू.

रायफल स्वतः किती नेमकी आहे हे आम्ही अजून पाहिलंच नव्हतं. आधी कळस मग पाया. वडिलांनी अर्ध्या दिवसात एक शिकंजा बनवला, त्यात ॲक्शन घट्ट धरून 10 मीटरवर दहा-दहा छर्ऱ्यांचे ग्रुप मारले. छर्ऱ्यांचे तीन लॉट. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत एकाचा ग्रुप 5.3 मिलिमीटर, दुसऱ्याचा 5.9, तिसऱ्याचा 6.8. छर्राच साडेचारचा, म्हणजे पहिल्या लॉटचा खरा पसारा एक मिलिमीटरही नाही. बॅरल उत्तम होती. आणि तिसरा लॉट म्हणजे ती गेलं वर्षभर वापरत होती तो, डब्यांची अख्खी पेटी स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेला. नुसता छर्रा बदलून मॅचमागे दोनतीन गुण वाढले. एवढा स्वस्त इलाज आम्ही सहा महिने आणि एक स्टॉक वाया घालवून शोधला.

मापं या वेळी लाइनवर, पूर्ण जॅकेट, ट्राउझर, बूट घालून, आणि तीसपस्तीस शॉट झाल्यावर घेतली. ताजं अंग खोटं बोलतं. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगायचं, दोन श्वास घ्यायचे, मग डोळे उघडायचे. रिंग टार्गेटच्या डावीउजवीकडे गेली असेल तर पाय सरकवायचे, वरखाली गेली असेल तर स्टॉकचं माप बदलायचं. हाताने ओढून मध्ये आणायचं नाही. ही जुनीच चाचणी आहे, पण प्रत्येक वेळी ॲडजस्टमेंट करून पुन्हा पाहायची तर स्टॉक हलणारा हवा. आता तो हलत होता. वडिलांनी चीक पीस, बट प्लेट आणि हाताखालचा ठोकळा, तिन्हींना डोव्हटेल सरक आणि लॉक स्क्रू दिला आणि शेजारी अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची पट्टी कोरली. प्लेची त्यांची भीती त्यांनी टॉर्क रेंचने मिटवली: प्रत्येक स्क्रूचा आकडा ठरलेला, तो वहीत.

मुख्य पेच उंचीचा होता. ठोकळा 120च्या आत, म्हणजे रायफल खाली; मान लांब ती लांबच. मी इतके दिवस रायफल वर आणायच्या मागे होते. तोडगा दुसऱ्या टोकाला निघाला: पुढची आणि मागची, दोन्ही साइट ठोकळे लावून सारख्या उंचावायच्या. त्यालाही नियमात मर्यादा आहे. या वेळी पुस्तक टेबलावर उघडं ठेवूनच ड्रॉइंग केलं. साइट 14 मिलिमीटर वर गेल्या आणि तिचं डोकं पहिल्यांदा सरळ राहिलं. चीक पीसही तेवढा वर आला, पण गालाच्या हाडाखाली लाकूड खोलगट तासलं. ते तासकाम मुलीने स्वतः केलं, काचपेपरने, आठवडाभर थोडंथोडं.

वजन कण्यातून पोकळ्या काढून 4 किलो 650 ग्रॅमवर आणलं.

एक किस्सा राहिला. वडिलांनी एकदा बॅरलवर स्पिरिट लेव्हल ठेवला आणि घाबरून मला फोन केला: मुलगी रायफल तिरकी धरते! धरतेच. बरेच नेमबाज किंचित तिरकी धरतात. 10 मीटरमध्ये छर्रा जेमतेम 17 मिलिमीटर खाली येतो. रायफल एक अंश कलली तर फटका सुमारे 0.3 मिलिमीटर बाजूला जातो. तिरकेपणा रोज तोच असेल तर साइट तो गिळून टाकते. शॉटगणिक बदलला तर गुण जातात. त्यांना हे पटायला एक संध्याकाळ लागली. सरळ ते बरोबर आणि तिरकं ते चूक, हे हाडात मुरलेलं असतं.

सराव

रायफल बसली म्हणून स्कोअर आपोआप येत नाही. एप्रिलपासून जूनपर्यंत सरावाचा मोठा भाग छर्ऱ्याविना होता. घरात हॉलच्या भिंतीपासून बेडरूमच्या दारापर्यंत 5 मीटर 20 सेंटिमीटर जागा मिळाली. भिंतीवर निम्म्या आकाराचं टार्गेट चिकटवलं आणि रोज चाळीस मिनिटं ड्राय. रायफल उघडून रिकामी आहे हे आईला दाखवल्याशिवाय सुरुवात नाही, हा घरचा नियम. आईनेच घातलेला.

आठवड्यातून एकदा क्लबमध्ये स्कॅट लावायचो. बॅरलवर सेन्सर बसवला की ट्रिगर दाबण्याआधी आणि नंतर नळी कुठे फिरली त्याची रेघ स्क्रीनवर उमटते. जानेवारीतली तिची रेघ उभी, लांबट, पावसात ओघळलेल्या शाईसारखी होती. जूनमध्ये ती गोळा होऊ लागली. आणखी एक दिसलं: नवव्या सेकंदानंतर सोडलेला तिचा जवळजवळ प्रत्येक शॉट वाईट. तेव्हापासून आठ सेकंदांत शॉट नाही गेला तर रायफल खाली. हे सांगायला सोपं. 14 वर्षांच्या मुलीला मॅचमध्ये रायफल खाली घेणं म्हणजे हार मानल्यासारखं वाटतं. मी "किती शॉट टाकून दिलेस?" असं विचारायला लागले आणि जास्त आकडा आला की शाबासकी द्यायला लागले, तेव्हा कुठे जमलं.

पावसाळ्यात एकदा झिरो, म्हणजे साइटची जुळवणी, दोन क्लिक सरकला. सागवान निर्दोष, ॲक्शनचा मागचा स्क्रू ढिला झाला होता. चाळीस पावसाळ्यांचं लाकूड जिंकलं म्हणून वडील दोन दिवस खूश होते.

परिणाम

ऑगस्ट 2025पासून डिसेंबरपर्यंतच्या नऊ मॅचमध्ये तिचा स्कोअर 614 ते 619.7 राहिला. मला त्याहून जास्त आनंद सिरीजचा: 103.4, 103.0, 103.2, 102.7, 103.1, 103.5. तो उतार गेला. मानेचं दुखणं जूनमध्येच थांबलं होतं.

वर्षअखेरच्या निवडीत मात्र ती थोडक्यात मागे राहिली. तिच्या गटात 622च्या वर मारणाऱ्या मुली होत्या. स्टॉक कितीही चांगला असला तरी त्या मुलींची चार वर्षं जास्त आहेत.

खर्च सिलिंडर धरून 1,68,000 रुपये झाला. वडिलांचे तास धरले नाहीत. त्यांनीच धरू दिले नाहीत. पण ते धरले असते, आणि दोन बांधण्यांसाठी थांबलेलं मशीन धरलं असतं, तर हा सौदा स्वस्त होता असं मी कोणाला सांगणार नाही. वर्कशॉप नसलेल्या पालकांनी सेकंडहँड ॲडजस्टेबल स्टॉकची रायफल शोधावी.

आज पुन्हा करायचं झालं तर

छर्रे शिकंज्यात आधी तपासेन. तो एका दुपारचा उद्योग आहे. व्हिडिओ दुसऱ्याच महिन्यात घेईन, प्लँकच्या आधी. जॅकेटशिवाय घेतलेलं एकही माप स्वीकारणार नाही.

पहिला स्टॉक धातूत करूच नये, असं मला आता वाटतं. प्लाय आणि एमडीएफचा ओबडधोबड, भरपूर सरकणारा नमुना करून त्यावर तीन महिने खेळवायला हवं होतं. वडिलांना हे मान्य नाही. त्यांचं म्हणणं, एमडीएफवर मुलगी रुळली असती पण वजनाचा आणि तोलाचा अंदाज आला नसता, शेवटी धातूत दोनदाच करावं लागलं असतं. कदाचित. हा वाद आमच्यात अजून चालू आहे.

आणि "कसं वाटतंय?" हा प्रश्न मी आता पालक पार्किंगमध्ये गेल्यावर विचारते. उत्तर "छान" आलं तर पेन्सिल हातात देते.

मार्चमध्ये वडिलांनी क्लबच्या जुन्या रायफलसाठी सरकता चीक पीस आणि बट प्लेटची पट्टी बनवून दिली. आता पाचही मुलं आपापला आकडा लावून खेळतात. आकड्यांचा तक्ता भिंतीवर आहे. अक्षर मुलीचं, मुंगीएवढं. चष्मा लावल्याशिवाय मला वाचता येत नाही.